यंत्राला सांगायचं म्हणजे नेमकं काय? सीएनसी मिलिंगचा पहिला प्रोग्रॅम

भाषा आणि अर्थ या विषयावर आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. आजवर बोलणाराही माणूस होता आणि ऐकणाराही माणूस होता. आज ऐकणारा बदलायचा आहे. आजचा श्रोता म्हणजे धातू कापणारं सीएनसी मिलिंग मशीन. त्याला काम सांगण्यासाठी जो मजकूर लिहितात त्याला पार्ट प्रोग्रॅम म्हणतात. तो कसा लिहायचा हे आज आपण अगदी पहिल्या ओळीपासून पाहू.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली या औद्योगिक वसाहतींत रोज हजारो ओळी या भाषेत लिहिल्या आणि वाचल्या जातात. ही भाषा जगभर एका वळणाची आहे, तिचा शब्दसंग्रह शंभर-दीडशे शब्दांच्या आसपास आहे, आणि तिच्यात चूक झाली तर ती वादात विरून जात नाही. टूल मोडतं, स्पिंडलचं बेअरिंग जातं, कधी समोरच्या माणसाला इजा होते. बोललेलं आणि अभिप्रेत असलेलं यांतलं अंतर इतकं उघडं कुठेच दिसत नाही.

आपल्याकडच्या शब्दार्थचर्चेतलं एक जुनं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. ‘सैंधव आण’ असं कोणी म्हणालं. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशातला घोडाही. बोलणारा जेवायला बसला असेल तर ऐकणारा मीठ आणतो, प्रवासाला निघाला असेल तर घोडा आणतो. वाक्य तेच, पण वक्त्याचं तात्पर्य ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. आता पानावर बसलेल्या माणसासमोर घोडा आणून उभा करणारा नोकर डोळ्यांसमोर आणा. मशीन हा तसा नोकर आहे. तो आळशी नाही, बेईमान नाही, फक्त त्याला तात्पर्य कळत नाही. प्रोग्रॅम लिहायला शिकणं म्हणजे मुख्यतः अशा श्रोत्याशी बोलायला शिकणं.

अक्ष, चिन्ह आणि शून्य

उभ्या स्पिंडलच्या मशीनसमोर उभे राहा. टेबल डावी-उजवीकडे जातं तो एक्स अक्ष. मागे-पुढे तो वाय. स्पिंडल वर-खाली तो झेड. पुष्कळ मशीनवर एक्स आणि वाय दिशेत टूल जागचं हलतच नाही, टेबल हलतं. तरी प्रोग्रॅम लिहिताना आपण नेहमी असंच धरतो की जॉब स्थिर आहे आणि टूल त्याच्याभोवती फिरतंय. हा सर्वांनी मान्य केलेला संकेत आहे. त्यामुळे मशीनची बांधणी कशीही असली तरी लिहिणाऱ्याला ड्रॉइंगकडे पाहूनच लिहिता येतं.

झेडच्या चिन्हाचा संकेत तर फार विचारपूर्वक ठरवलेला आहे. टूल आणि जॉब यांतलं अंतर वाढवणारी दिशा धन, कमी करणारी ऋण. जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर शून्य धरलं की धातूच्या आत शिरायला उणे चिन्ह लागतं. कोणी उणे लिहायला विसरलं तर टूल बहुतेक वेळा हवेत फिरेल, नुकसान होणार नाही. विसरण्याची चूक सुरक्षित बाजूला पडावी अशी ही रचना आहे. उलट चूक मात्र, म्हणजे नको तिथे उणे चिन्ह, महागात जाते.

आता शून्य. मशीनचं स्वतःचं एक शून्य असतं, ते बनवणाऱ्याने ठरवलेलं. पण आपल्या जॉबला त्याच्याशी देणंघेणं नाही. आपण जॉबवर आपलं शून्य निवडतो आणि ते मशीनच्या शून्यापासून किती दूर आहे ते ऑफसेटच्या पानावर भरतो. प्रोग्रॅममध्ये जी५४ लिहिलं की मशीन त्या शून्यापासून मोजायला लागतं. जी५४ ते जी५९ अशी सहा शून्यं ठेवता येतात.

निवडतो म्हणजे मनाला येईल तिथे निवडतो असं नाही. ड्रॉइंगवर मापं जिथून दिली आहेत तिथेच शून्य घ्यावं, नाहीतर प्रत्येक मापात बेरीज-वजाबाकी करत बसावं लागतं आणि प्रत्येक बेरीज ही चुकीची एक नवी जागा असते. शिवाय शून्य घेण्याची कृती काटेकोर हवी. १० मिलिमीटर व्यासाचा एज फाइंडर कडेला टेकला की स्पिंडलचं केंद्र कडेपासून ५ मिलिमीटर बाहेर असतं. हे ५ धरायचे राहिले तर प्रोग्रॅममधलं अक्षर न् अक्षर बरोबर असूनही सगळा जॉब ५ मिलिमीटर सरकलेला निघेल. वाक्य बरोबर, पण ते ज्याच्याबद्दल आहे ती वस्तूच दुसरीकडे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे.

एक साधा जॉब

एक प्रत्यक्ष काम घेऊ. ॲल्युमिनिअमची प्लेट आहे, लांबी १००, रुंदी ६०, जाडी २० मिलिमीटर. चारही बाजूंनी १० मिलिमीटर रुंदीची आणि ५ मिलिमीटर खोलीची पायरी काढायची. म्हणजे मधोमध ८० बाय ४० चा उंचवटा राहील. शून्य घेऊ डाव्या-पुढच्या कोपऱ्यात, वरच्या पृष्ठभागावर. उंचवट्याच्या कडा एक्समध्ये १० आणि ९० वर, वायमध्ये १० आणि ५० वर येतात.

टूल घेऊ १६ मिलिमीटर व्यासाची तीन दातांची एंडमिल. मशीन टूलच्या केंद्राचा मार्ग चालतं, धारेचा नाही. त्रिज्या ८, म्हणून केंद्राला उंचवट्यापासून ८ मिलिमीटर बाहेर चालवायला हवं. केंद्राचा मार्ग एक्समध्ये २ ते ९८, वायमध्ये २ ते ५८ असा ठरतो.

मग वेग. धारेने धातूवरून मिनिटाला १०० मीटर जावं असं धरू. स्पिंडलचे फेरे काढायचे तर कापण्याच्या वेगाला १००० ने गुणायचं आणि पाय गुणिले व्यास यांनी भागायचं. १००००० भागिले ५०.२७, उत्तर साधारण १९९०. आपण २००० घेऊ. प्रत्येक दाताने एका फेऱ्यात ०.१ मिलिमीटर पुढे कापावं, दात ३, फेरे २०००, म्हणून फीड मिनिटाला ६०० मिलिमीटर. हे आकडे शिकण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात टूल बनवणाऱ्याचा तक्ता, जॉबची पकड आणि मशीनची ताकद पाहून ठरवायचे.

पकडीचंही ठरवून ठेवू. जॉब वाइसमध्ये धरताना जबड्याच्या वर निदान १० मिलिमीटर जॉब राहिला पाहिजे, कारण टूल ५ मिलिमीटर खाली येणार आणि कडेच्या बाहेरही फिरणार आहे. प्रोग्रॅममध्ये वाइसचा उल्लेख कुठेच नसतो. वाइस आहे हे मशीनला माहीतच नाही.

आता प्रोग्रॅम. या शब्दांकनात अक्षरं आपण उच्चारतो तशी देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन मोठ्या लिपीत टाइप करायची.

ओ१००१
एन१० जी२१ जी१७ जी४० जी४९ जी८० जी९०
एन२० टी१ एम०६
एन३० जी५४ जी०० एक्स२. वाय-१५.
एन४० एस२००० एम०३
एन५० जी४३ एच०१ झेड५०.
एन६० एम०८
एन७० जी०० झेड५.
एन८० जी०१ झेड-५. एफ३००
एन९० वाय५८. एफ६००
एन१०० एक्स९८.
एन११० वाय२.
एन१२० एक्स-१५.
एन१३० जी०० झेड५०.
एन१४० एम०९
एन१५० एम०५
एन१६० एम३०

ओ१००१ हे प्रोग्रॅमचं नाव. प्रत्येक ओळीला ब्लॉक म्हणतात. एनचे आकडे केवळ खुणा आहेत. मशीन ब्लॉक ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने चालतं, आकड्यांच्या क्रमाने नाही. दहा-दहाच्या अंतराने आकडे देतात ते मध्ये ओळ घालायची वेळ आली तर जागा असावी म्हणून.

एन१० ही ओळ काही कापत नाही, पण तिच्याशिवाय पुढे जाऊ नये. जी२१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये. जी१७ म्हणजे एक्स-वाय प्रतल. जी४०, जी४९ आणि जी८० यांनी मागच्या कामातून राहून गेलेली कटर त्रिज्येची भरपाई, टूलच्या लांबीची भरपाई आणि ड्रिलिंगचं चक्र रद्द होतं. जी९० म्हणजे सगळी मापं शून्यापासून. कालच्या पाळीत या मशीनवर कोणी काय चालवलं हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून आधी पाटी पुसून घ्यायची.

एन२० ला एक नंबरचं टूल स्पिंडलमध्ये येतं. एन३० ला ते जॉबच्या बाहेर, कडेच्या १५ मिलिमीटर अलीकडे जाऊन थांबतं. त्रिज्या ८ आहे, म्हणजे धार कडेपासून ७ मिलिमीटर लांब. एन४० ला स्पिंडल घड्याळाच्या दिशेने २००० फेऱ्यांनी फिरू लागतो. एन५० मध्ये जी४३ एच०१ ने टूलची लांबी हिशोबात घेतली जाते. प्रत्येक टूल वेगवेगळ्या लांबीचं, म्हणून प्रत्येकाची लांबी वेगळ्या घरात भरलेली असते. टूल एक नंबरचं आणि एच दोन नंबरचा, असं झालं तर मशीन दुसऱ्याच टूलची लांबी धरून खाली येईल. टी आणि एचचा आकडा एकच ठेवण्याची शिस्त यासाठीच आहे. एम०८ ने कूलंट सुरू होतं.

एन८० ला टूल हवेतच ५ मिलिमीटर खोलीपर्यंत उतरतं. एन९० ते एन१२० या चार ओळींत डावी, मागची, उजवी आणि पुढची बाजू कापली जाते. टूल उंचवट्याभोवती घड्याळाच्या दिशेने जातं. त्यामुळे दात जाड बाजूने धातूत शिरून पातळ बाजूने बाहेर पडतो. याला क्लाइंब मिलिंग म्हणतात आणि सीएनसीवर सहसा हेच पसंत करतात. शेवटी टूल वर, कूलंट बंद, स्पिंडल बंद, आणि एम३० ने प्रोग्रॅम संपून पुन्हा पहिल्या ओळीवर.

अनुवृत्ती

आता एन१०० कडे नीट पाहा. तिथे फक्त एक्स९८. आहे. सरळ जा असं म्हटलेलं नाही, कोणत्या फीडने तेही नाही, वाय किती तेही नाही. तरी मशीन बरोबर कापतं. कसं? जी०१ एन८० मध्ये सांगितलं होतं, ते अजून चालू आहे. एफ६०० एन९० मध्ये सांगितलं, तेही चालू आहे. वाय ५८ वर होता, तो तिथेच आहे.

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रातलं पद पुढच्या सूत्रांत पुन्हा न लिहिता चालू राहतं. त्याला अनुवृत्ती म्हणतात. लाघव साधण्याची ती युक्ती आहे. कारखान्यात अशा आज्ञांना मोडल कोड म्हणतात. लिहिणं वाचतं हा फायदा दोन्हीकडे आहे. फरक असा की पाणिनीचं पद कुठवर चालतं आणि कुठे थांबतं हे सांगायला टीकाकारांची परंपरा आहे. मशीनपाशी टीकाकार नाही. तिथे नियम एकच: त्याच गटातली दुसरी आज्ञा येईपर्यंत पहिली चालू. जी००, जी०१, जी०२, जी०३ हा एक गट. जी९० आणि जी९१ हा दुसरा. जी०४, म्हणजे ठरावीक वेळ थांब, यासारख्या थोड्या आज्ञा मात्र त्या एका ब्लॉकपुरत्याच असतात.

या भाषेत अनुवृत्ती आहे, पण तात्पर्य नाही. हीच आजच्या व्याख्यानाची गाठ आहे. मशीन तुमचं आधीचं बोलणं अचूक लक्षात ठेवतं, पण ते तुम्ही कशासाठी बोललात हे त्याला कधीच ठाऊक नसतं.

एक प्रयोग मनातल्या मनात करा. एन८० मधले जी०१ टाइप करायचे राहिले. ओळ उरली झेड-५. एफ३०० अशी. मशीन अलार्म देणार नाही, कारण या ओळीत त्याच्या दृष्टीने काही वावगं नाही. एन७० मधलं जी०० चालूच आहे, म्हणून टूल रॅपिडने खाली येईल. ते हवेत आहे, काही घडणार नाही. मग येईल एन९०. वाय५८., एफ६००. फीड लिहिलेला आहे, पण जी०० चालू असताना फीडला काही अर्थ नाही. मिनिटाला ६०० मिलिमीटरऐवजी टूल मशीनच्या कमाल वेगाने धातूत घुसेल. आजच्या पुष्कळ मशीनवर हा वेग मिनिटाला ३० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर. धार कडेपासून ७ मिलिमीटरवर होती. तुमचा हात लाल बटणापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी सगळं होऊन गेलेलं असेल.

ऐंशीव्या ओळीत राहिलं आणि नव्वदाव्या ओळीत मोडलं. अनुवृत्तीच्या भाषेत चूक जिथे असते तिथे बहुधा दिसत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम तपासताना आत्ता काय चालू आहे हे डोक्यात धरून वाचावं लागतं, सुटी ओळ वाचून भागत नाही.

कुठे जा आणि कसं जा

जी०० आणि जी०१ यांत फक्त वेगाचा फरक आहे असं नवशिक्याला वाटतं. खरा फरक वचनाचा आहे. जी०१ ने मशीन दोन गोष्टींचं वचन देतं: इथे जाईन आणि सरळ रेषेत, सांगितलेल्या फीडनेच जाईन. जी०० ने फक्त मुक्कामाचं वचन मिळतं. अनेक मशीनवर रॅपिडमध्ये प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने धावतो. जवळचं अंतर असलेला आधी पोचतो, दुसरा मागून येतो. त्यामुळे वाट तिरपी सुरू होऊन मध्येच वळते. त्या वाटेत क्लॅम्प आला तर? म्हणून जॉबपाशी जाताना आधी एक्स-वाय आणि मग झेड, निघताना आधी झेड आणि मग एक्स-वाय. आपल्या प्रोग्रॅममध्ये तसंच केलं आहे.

पत्ता सांगण्याच्याही दोन रीती आहेत. जी९० मध्ये शून्यापासून, जी९१ मध्ये सध्याच्या जागेपासून. २० मिलिमीटर अंतराची चार भोकं आहेत असं समजा. जी९० मध्ये आपण २०, ४०, ६०, ८० लिहू. जी९१ मध्ये २०, २०, २०, २०. आता दोन्हीकडे पहिला आकडा चुकून २१ झाला. जी९० मध्ये एक भोक चुकलं. जी९१ मध्ये चारही चुकली. शहाणपण असं की मुख्य प्रोग्रॅम जी९० मध्ये लिहावा आणि तोच नमुना अनेक ठिकाणी उमटवायचा असेल तेव्हाच जी९१ वापरावं. वापरून झालं की लगेच जी९० वर परतावं, कारण तीही अनुवृत्तीच.

आणखी एक गोष्ट, दशांशचिन्हाची. आपण २ नंतर टिंब दिलं आहे ते सजावटीसाठी नाही. पुष्कळ कंट्रोलवर टिंब नसेल तर २ म्हणजे २ मिलिमीटर नव्हे, सर्वांत लहान एककाची २ पटं, म्हणजे ०.००२ मिलिमीटर. मशीनच्या सेटिंगप्रमाणे हे बदलतं, म्हणून एका मशीनवर बरोबर चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या मशीनवर वेगळाच वागू शकतो. टिंब द्यायची सवय लावून घेतली की प्रश्न मिटतो.

वळण आणि कटरची त्रिज्या

उंचवट्याच्या कोपऱ्यांना ४ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी आहे असं समजा. डाव्या-मागच्या कोपऱ्यात गोलाईचं केंद्र एक्स१४, वाय४६ वर येतं. टूलच्या केंद्राने ४ अधिक ८, म्हणजे १२ मिलिमीटर त्रिज्येने फिरायला हवं. वाय५८. च्या जागी आपण असं लिहू:

एन९० वाय४६. एफ६००
एन९२ जी०२ एक्स१४. वाय५८. आर१२.
एन१०० जी०१ एक्स९८.

जी०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेचा कंस, जी०३ उलट. मोजून पाहा: सुरुवात २, ४६ वर, शेवट १४, ५८ वर, केंद्रापासून दोन्ही १२ अंतरावर. बरोबर. आणि एन१०० ला जी०१ पुन्हा द्यावं लागलं, कारण आता जी०२ चालू झालं होतं. बाकीचे तीन कोपरे तुम्ही स्वतः लिहून पाहा. उजव्या बाजूला एक्स९८. ऐवजी एक्स८६. पर्यंत जायचं, मग कंस.

आर सोपा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. दोन बिंदू आणि त्रिज्या दिली तरी त्याच दिशेने जाणारे दोन कंस शक्य असतात, एक अर्धवर्तुळापेक्षा लहान आणि एक मोठा. संकेत असा की आर धन असेल तर लहान, ऋण असेल तर मोठा. आणि पूर्ण वर्तुळ आरने सांगताच येत नाही, कारण सुरुवात आणि शेवट एकच बिंदू झाला की त्यातून त्या त्रिज्येची असंख्य वर्तुळं जातात. तेव्हा आय आणि जे वापरतात, म्हणजे कंसाच्या सुरुवातीपासून केंद्र एक्स आणि वाय दिशेत किती लांब आहे ते. आपल्या कंसासाठी आय१२. जे०. असं होईल. वर्णन खरं असणं आणि ते एकाच वस्तूला लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण मागे पाहिलं होतं. इथे ते कंसाच्या रूपात पुन्हा भेटतं.

केंद्राचा मार्ग हाताने काढण्यात अजून एक कमतरता आहे. कटरला धार लावली आणि तो १५.८ चा झाला. त्याच मार्गाने चालवला तर प्रत्येक बाजूला ०.१ जादा धातू राहील आणि उंचवटा ८०.२ चा होईल. यावर उपाय जी४१. त्यात तुम्ही उंचवट्याचीच मापं लिहिता, १०, ५०, ९०, १०, आणि कटरची त्रिज्या डी०१ च्या घरात भरता. ८ च्या जागी ७.९ भरलं की प्रोग्रॅमला हात न लावता माप येतं. मुद्दाम ८.१ भरून आधी रफ कापता येतं, मग ८ भरून फिनिश. जी४१ चालू करताना मात्र टूल जॉबच्या बाहेर असावं आणि ती चाल सरळ रेषेची असावी. काम झालं की जी४० ने रद्द करावं.

चालवण्याआधी

प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे बोलणं झालं. ते कसं ऐकलं जाईल हे अजून पाहायचं आहे. आधी कंट्रोलच्या पडद्यावर मार्ग काढून पाहायचा. मग शून्य मुद्दाम ५०-१०० मिलिमीटर वर उचलून सगळा प्रोग्रॅम हवेत चालवायचा. मग शून्य जागेवर आणून सिंगल ब्लॉक लावायचा, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर मशीन थांबतं. रॅपिड कमीत कमी ठेवायचा, एक बोट फीड होल्डवर. आणि किती अंतर उरलं हे पडद्यावर दिसतं, ते डोळ्यांनी दिसणाऱ्या अंतराशी ताडून पाहायचं. टूल जॉबपासून बोटभर वर आहे आणि पडदा म्हणतोय अजून ४० मिलिमीटर खाली जायचंय, तर पुढचं बटण दाबायचं नाही.

इथे आपण एका जुन्या प्रश्नापाशी येतो. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘हे आहे असं माहीत असणं’ आणि ‘ते करता येणं’ यांत भेद केला. मराठीत हा भेद बोलण्यातच आहे. पोहण्याबद्दल माहिती असते, पण पोहायला येतं. हाताने मिलिंग चालवणाऱ्या कारागिराला काम येत होतं. आवाज बदलला की त्याचा हात चाकावर आपोआप सैल व्हायचा. त्याची दुरुस्ती काम चालू असतानाच व्हायची. प्रोग्रॅममध्ये ती दुरुस्ती आधी करावी लागते. जे हाताला येत होतं ते वाक्यांत माहिती म्हणून लिहून काढावं लागतं.

हे ज्ञान कोणाकडे राहील, यावरून प्रत्यक्ष झगडा झालेला आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या कामातून आकड्यांनी मशीन चालवण्याच्या कल्पनेकडे आले. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत ती वाढली आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली गेली. त्याच सुमारास दुसरीही वाट होती. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांत असा प्रयोग चालला होता की कुशल कामगाराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि पुढे मशीनने त्या पुन्हा करायच्या. ही वाट मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात म्हटलं की याला केवळ तांत्रिक कारणं नव्हती. कामावरचा ताबा शॉप फ्लोअरवरून ऑफिसात नेण्याची इच्छाही त्यामागे होती. अवघड पृष्ठभाग फितीवर नोंदवून साधले नसते, हाही मुद्दा खरा आहे. पण नोबल यांचा प्रश्न आजही उभा आहे.

आज कॅम सॉफ्टवेअर हजारो ओळी क्षणात लिहून देतं. मग हाताने लिहायला का शिकायचं? कारण मशीनसमोर उभ्या असलेल्या मुलाला त्या ओळी वाचता आल्या नाहीत, तर त्याच्या हाती फक्त हिरवं आणि लाल बटण उरतं. वाचता आल्या तर तो ऑफिसला फोन करून सांगू शकतो की अमुक ओळीला जी०० चालू आहे, वाट क्लॅम्पवरून जाते. हे सांगणारा तो एकटाच असतो, कारण क्लॅम्प कुठे बसवलाय हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेलं नसतं. तात्पर्य जाणणारा त्या ठिकाणी फक्त माणूस आहे.

पुढच्या वेळेपर्यंत एक अभ्यास. याच उंचवट्यात एक्स२० आणि ८०, वाय२० आणि ४० अशी चार आरपार भोकं ८ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडायची आहेत. पहिल्या भोकाचा ब्लॉक असा:

जी८१ एक्स२०. वाय२०. झेड-२४. आर३. एफ१५०

झेड -२० नाही, -२४ आहे, कारण ड्रिलचं टोक निमुळतं असतं. ११८ अंशांच्या टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे इथे २.४ मिलिमीटर. तेवढं प्लेटच्या खाली गेल्याशिवाय भोक पूर्ण व्यासाचं होत नाही. आर३. म्हणजे पृष्ठभागाच्या ३ मिलिमीटर वरून फीड सुरू. पुढच्या तीन भोकांना फक्त एक्स आणि वाय लिहिले तरी चालतं, चक्र चालूच राहतं. आता दोन प्रश्न. चौथ्या भोकानंतर जी८० लिहायचं राहिलं आणि पुढच्या ओळीत कोणी नुसतं एक्स-वाय देऊन टूल बाजूला न्यायला सांगितलं, तर काय होईल? आणि प्लेटखाली, बरोबर त्या भोकांच्या खाली, वाइसमधल्या पॅरलल पट्ट्या असतील तर प्रोग्रॅममधली कोणती ओळ तुम्हाला ते सांगेल?

कागदावर लिहा. मग प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा आणि वाचल्यावर आत्ता काय काय चालू आहे ते म्हणा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.